मुंडके, धड आणि सोंग

नाशिकच्या नावातच एक सुरी लपलेली आहे. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक इथे कापले म्हणून 'नासिक', ही व्युत्पत्ती पंचवटीत यात्रेकरूंना आजही सांगितली जाते. भाषाशास्त्राला ती पटते की नाही, हा वाद वेगळा. पण पात्याने झालेली जखम ज्या गावाने नाव म्हणून मिरवली, तिथे बसून 'स्लॅशर' चित्रपटांचे विवेचन करायला कुणाची परवानगी लागू नये.

आधी लक्षण पाहू. स्लॅशर ही भयपटातली एक पोटजात. हिच्यात मारेकरी एकच असतो. त्याचा चेहरा मुखवट्याने झाकलेला किंवा विद्रूप असतो, आणि आडबाजूच्या एखाद्या जागी जमलेल्या तरुण मंडळींना तो एकेक करून गाठतो. हत्यार धारेचे लागते: सुरा, कोयता, कुऱ्हाड. बंदूक चालत नाही, कारण गोळी लांबून लागते आणि इथे मारणारा व मरणारा हाताच्या अंतरावर असावे लागतात. या सगळ्यामागे जुने काहीतरी दडपलेले असते: बुडालेले मूल, पचवलेला खून, विसरलेला अपमान. हिचकॉकच्या 'सायको'ने (१९६०) पाया घातला, जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन'ने (१९७८) साचा पक्का केला आणि 'फ्रायडे द थर्टीन्थ'ने (१९८०) त्या साच्याचा कारखाना काढला.

हे लक्षण काटेकोरपणे लावले, तर आपल्याकडे शुद्ध स्लॅशर फार थोडे सापडतात. मोहन भाक्रींचा 'चीख' (१९८५) हा मुखवटाधारी खुन्याचा चित्रपट त्यातला एक. त्यात दीपिका चिखलिया होत्या, आणि दोनच वर्षांनी त्या दूरदर्शनवर सीता झाल्या. पंचवटीतल्या सीतागुंफेच्या रांगेत उभ्या असलेल्या भाविकांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. रामसे बंधूंचा 'महाकाल' (१९९४) दुसरा. तो 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'वरून उचललेला. बाकी 'दो गज जमीन के नीचे' (१९७२), 'दरवाजा' (१९७८), 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८), 'बंद दरवाजा' (१९९०) यांचे कातडे भुताचे आणि हाडे स्लॅशरची. या सगळ्यांना मी 'स्वस्तातला भयपट' म्हणणार आहे. प्रश्न असा, की रबराची शिवण दिसत असताना, आणि ती दिसते हे सगळ्यांना कळत असताना, माणसे या चित्रपटांना का गेली आणि अजून का जातात?

प्रचलित उत्तरे दोन-तीन आहेत. पहिले, सुरक्षित जागी बसून धोक्याची मजा घेणे. हे खरे आहे, पण ते आकाशपाळण्यालाही लागू पडते. दुसरे, सोबतीचे. डॉल्फ झिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रयोग करून दाखवले, की शेजारी बसलेल्या माणसाच्या वागण्यावर भयपटाची गोडी ठरते: शेजारची मुलगी घाबरली की मुलग्याला चित्रपट जास्त आवडतो, शेजारचा मुलगा न डगमगता बसला की मुलीला. हे उत्तर कामाचे आहे; त्याकडे पुन्हा यावे लागेल. तिसरे उत्तर अलीकडचे आणि शहरी: हे चित्रपट इतके वाईट आहेत, की त्यातच मौज आहे. मला हे उत्तर उद्धट वाटते. १९८४ साली चार आण्याचे शेंगदाणे घेऊन पुढच्या रांगेत बसलेला प्रेक्षक चित्रपटावर उपकार करायला आला नव्हता. तो हसत होता, शिट्ट्या मारत होता, आणि पुढच्याच क्षणी पाय खुर्चीवर ओढून घेत होता. हे दोन्ही एकाच वेळी कसे होते, ते सांगेल तेच खरे उत्तर.

पैसा नसण्याची शैली

रामसे घराण्याची गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे, पण तिच्यातला एक प्रसंग आपल्या विषयाच्या गाभ्यातला आहे. फतेहचंद रामसिंघानी ऊर्फ एफ. यू. रामसे फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आले. रेडिओचे दुकान चालवता चालवता ते निर्माते झाले. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि तेवढ्यापुरते थिएटर जागे व्हायचे. मुलांनी हे हेरले आणि वडिलांना सांगितले, की अख्खा चित्रपट त्या मुखवट्याचाच काढू या. सात भावांनी कामे वाटून घेतली: लेखन कुमार, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम, कॅमेरा गंगू, ध्वनी किरण, संकलन अर्जुन, निर्मितीत केशू. 'दो गज जमीन के नीचे'साठी सगळा गोतावळा बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेला, तिथल्या विश्रामगृहात मुक्काम ठोकला आणि साधारण साडेतीन लाख रुपयांत चित्रपट पुरा केला. सेट बांधला नाही, कारण राहण्याची जागा हाच सेट होता.

तिकडे 'हॅलोवीन' तीन लाखांवर थोड्याच डॉलरांत आणि जेमतेम तीन आठवड्यांत झाला. खुन्याचा चेहरा म्हणून दुकानातून कॅप्टन कर्कचा स्वस्त मुखवटा आणून पांढरा रंगवला. कथा शरद ऋतूतली आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियाच्या वसंतात, म्हणून पाने रंगवून पसरायची, प्रसंग झाला की गोळा करायची आणि पुढच्या गल्लीत पुन्हा पसरायची.

या काटकसरीतून काही शैलीविशेष आपोआप जन्माला आले. मारेकऱ्याच्या नजरेतून कॅमेरा फिरवला, की मारेकरी दाखवावा लागत नाही. नटाचा दिवस वाचतो. अंधार ठेवला, की भिंती रंगवाव्या लागत नाहीत. निळा आणि लाल जिलेटिन कागद दिव्यांवर चढवला, की रिकामी खोली भरल्यासारखी वाटते. पंखा, धूर, कुरकुरणारे दार आणि घुबड यांना मानधन लागत नाही. नामांकित नट नसल्यामुळे कोण वाचणार हे आधी कळत नाही. अमिताभ बच्चन मध्यंतरापूर्वी मरणार नाही हे पोरालाही माहीत असते, पण 'पुराना मंदिर'च्या काळातल्या मोहनीश बहलची खात्री कुणी द्यावी? थोडक्यात, या प्रकाराचे व्याकरण हिशेबाच्या वहीत लिहिले गेले. पण यातून हे चित्रपट कसे झाले एवढेच कळते. ते आवडले का, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

भरताची तीन भये

त्यासाठी आपलेच शास्त्र उघडावे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचे जे विभाव, म्हणजे भय उपजवणारी कारणे, दिली आहेत, त्यात विकृत आवाज, भुतांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांची धास्ती, ओसाड घर आणि अरण्य येतात. रामसेंच्या सामानाची यादी याहून वेगळी नव्हती. भयानकाचा रंग काळा आणि दैवत काल. बीभत्साचा रंग निळा आणि दैवत महाकाल. रामसेंनी आपल्या सर्वांत रक्तबंबाळ चित्रपटाला हेच नाव दिले, हा योगायोग असावा. पण चांगला योगायोग आहे.

त्याहून मोलाचे वर्गीकरण पुढे येते. भयानकाचे भरताने तीन प्रकार केले: व्याजातून, म्हणजे बनावट कारणातून उपजणारा, अपराधातून उपजणारा, आणि वित्रासातून, म्हणजे स्वभावतः भित्र्या जीवाच्या दचकण्यातून उपजणारा. स्लॅशरची वीण याच तीन धाग्यांची आहे. पडद्यामागे काहीतरी हलते, सगळे श्वास रोखतात आणि मांजर उडी मारून निघून जाते: हा व्याज. रात्री एकटी जिना उतरणारी मुलगी: हा वित्रास. आणि कथेच्या बुडाशी झाकलेले पाप: हा अपराध. 'दो गज...'मध्ये बायको नवऱ्याला मारून पुरते आणि तो परत येतो. मांजराने आपल्याला फसवले, म्हणून आपण सैल होतो आणि त्याच क्षणी सुरा येतो. व्याज आधी, वित्रास मागून आणि अपराध सर्वांत शेवटी उलगडायचा, हा क्रम सांभाळला, की चित्रपट चालतो. चुकला, की रबर उघडे पडते.

यातल्या अपराधाच्या धाग्यात आपला आणि अमेरिकेचा फरक दिसतो. तिकडच्या स्लॅशरमध्ये घरच्यांपासून दूर आलेली पोरे स्वतःच्या बेफिकिरीची किंमत मोजतात. आपल्याकडे किंमत कुळ मोजते. 'पुराना मंदिर'मध्ये राजा हरिमानसिंह सामरी नावाच्या नराधमाचा शिरच्छेद करतो. मुंडके पेटीत, त्रिशूळाच्या पहाऱ्यात ठेवतो आणि धड देवळामागे पुरतो. मरताना सामरी शाप देतो, की या घराण्यातली बाई बाळंत होताना मरेल. दोनशे वर्षांनी त्या घराण्यातली मुलगी प्रेमात पडते आणि बापाची झोप उडते. ही कथा त्र्यंबकेश्वरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पूर्वजांचे राहून गेलेले, अपमृत्यू झालेल्यांचे अतृप्त राहिलेले, त्याचा त्रास संततीला होतो, हे गृहीत धरूनच तिथे तीन दिवसांचा नारायण नागबळी होतो, आणि त्यात नाग गव्हाच्या पिठाचा असतो. मी त्या विधीची थट्टा करत नाही. सांगायचे इतकेच, की मृत जीवासाठी पिठाची प्रतिकृती पुरते, हे ज्या मुलखाने मानले आहे, त्याला रबराच्या सामरीचे वावडे का असावे?

शिवण दिसली तर रस मोडतो का?

इथे शास्त्राकडूनच एक मोठा आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त याने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली, त्यात पहिलेच आहे संभावनाविरह: जे समोर आहे ते शक्यच वाटत नाही, मग मन त्यात विसावणार कसे? सामरीच्या चेहऱ्यावरचा सुकलेला लेप हे त्या विघ्नाचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकात घालावे.

पण त्याच अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण म्हणून 'शाकुंतला'तले हरिण घेतले आहे, रथापुढे मान वळवून पळणारे. त्याचे म्हणणे असे, की तिथे हे भय माझे, शत्रूचे की मित्राचे, असा प्रश्नच उरत नाही. देशकालाच्या गाठी सुटतात आणि नुसते भय राहते. आता गंमत पाहा. ज्या चित्रपटापाशी पैसा असतो, तो गावाला नाव देतो, घराला पत्ता देतो, भिंतीवर कॅलेंडर लावतो. गरीब चित्रपटाची हवेली कुठलीच नसते. तिच्यात एक झुंबर, एक जिना आणि एक तळघर. ठाकूर कुठला, गाव कुठले, साल कुठले, काही सांगता येत नाही. गाठी सोडवण्याचे हे साधारणीकरण घडवायला कवीला प्रतिभा लागते. इथे ते दारिद्र्याने परस्पर उरकले. ती हवेली कुणाचीच नसल्यामुळे सिडकोतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्यालाही ती आपली वाटू शकते.

आणि शिवणीचे काय? विघ्ने दूर ठेवण्याचा उपाय म्हणून शास्त्र नाट्यधर्मी साधनांकडे बोट दाखवते: मुकुट, वेष, रंग, मुखवटा. ती वास्तवाची नक्कल नसतात, ठरलेली खूण असतात. म्हणजे रबर हे फसलेले वास्तव मानले तर रस मोडतो. मुखवटा मानले तर जुळतो. आणि मुखवटा कसा मानायचा, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला शिकवावे लागत नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर आणि पलीकडे जव्हार-मोखाड्यात होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. रात्री टेंभे पेटतात, संबळ वाजतो आणि एकामागून एक सोंगे येतात: गणपती, मारुती, नरसिंह, रावण, त्राटिका, वेताळ. सोंगाचा मान घराण्यात चालत आलेला असतो. त्यामुळे त्राटिकेच्या आत कोण आहे, हे अख्ख्या पाड्याला माहीत असते. दुपारी त्याच्याच अंगणात बसून लोकांनी चहा घेतलेला असतो. तरी सोंग अंगावर धावून आले, की पोरे किंचाळत मागे पळतात, म्हातारे हात जोडतात, आणि पळताना पोरे हसतही असतात. ही हसू आणि किंकाळी यांची जोडी मी वर थिएटरात सांगितली तीच. बोहाड्यात कुणीही फसलेले नसते. सोंग हा शब्दच बघा: 'सोंग घेणे' यात लबाडी आहे, पण 'सोंग नाचवणे' यात मान आहे. मराठीने एकाच शब्दात दोन्ही ठेवले.

माझे म्हणणे याच शब्दावर उभे आहे. महागडा भयपट भ्रम रचतो. स्वस्तातला भयपट सोंग आणतो. भ्रमात प्रेक्षक फसवला जातो आणि तो एकटा असला तरी चालतो. सोंगात प्रेक्षक भागीदार असतो: अर्धी भीती पडद्यावरून येते, उरलेली अर्धी त्याने पदरची घालायची असते, आणि हे काम चारचौघांत बसूनच जमते. झिलमनचा प्रयोग इथे जागेवर बसतो. विजयानंद, सर्कल, हेमलता किंवा दामोदर अशा एकपडदा थिएटरांतून हे चित्रपट पाहिलेल्यांना विचारा. ते कथा सांगत नाहीत, शेजारच्याने काय केले ते सांगतात. सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल हा रुरकीला इंजिनिअरिंग शिकलेला उंचापुरा माणूस आहे, हे कळले म्हणून सामरीची दहशत कमी झाली नाही. उलट 'तोच तो' म्हणून 'बंद दरवाजा'त त्याची वाट पाहिली गेली, जशी पाड्यावर ठराविक घरच्या वेताळाची पाहतात.

कंसाचे डोके

नाशिकला हे सोंग बाहेरून आणावे लागले नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'नंतर आपला कारखाना नाशिकला हलवला आणि १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीसाठी 'श्रीकृष्ण जन्म' केला. त्याचा जो भाग आज उरला आहे, त्यात कंसाला मृत्यूचा भास होतो: त्याचे डोके धडावेगळे होऊन वर जाते आणि परत येऊन बसते. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायची ही करामत. फाळके मुळात जादूचे प्रयोगही करत, आपले नाव उलटे फिरवून 'प्रोफेसर केळफा' म्हणवून घेत. जादूगाराच्या प्रेक्षकाला युक्ती आहे हे माहीत असते आणि तरी तो चकित व्हायला आलेला असतो. पौराणिक चित्रपट आणि भयपट यांत आपण सोवळ्या-ओवळ्याचा जो फरक करतो, तो तंत्राच्या पातळीवर टिकत नाही. कंसाच्या मुंडक्यापासून सामरीच्या मुंडक्यापर्यंत सहासष्ट वर्षे आहेत, पण हिशेब तोच: कमी पैसा, काळा पडदा, आणि 'हे खोटे आहे' हे जाणून दचकणारी माणसे.

सोंगाला सोंग लागून येते, म्हणून 'पुराना मंदिर'मध्ये मध्येच जगदीप 'शोले'ची नक्कल करत मच्छरसिंह होतो, भयाशी काहीही संबंध नसताना. पुढे याच जिल्ह्यात, मालेगावात, शेख नासिरने हजारांत मोजता येईल एवढ्या पैशांत 'मालेगाव के शोले' काढला आणि यंत्रमागावरच्या कामगारांनी तो डोक्यावर घेतला. तो भयपट नव्हे, म्हणून इथे त्याला एवढेच स्थान. पण दिसणाऱ्या शिवणीवर प्रेम करणारा प्रेक्षक तोच आहे.

मराठीत हा प्रकार आला तेव्हा त्याने लपवाछपवी सोडूनच दिली. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) 'चाइल्ड्स प्ले'वरून सुचलेला. खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, हा मूळ चित्रपटाचा सांगाडा. पण तात्या विंचू या बाहुल्याच्या मागे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये आहेत, हे मराठी प्रेक्षकाला तिकीट काढण्यापूर्वीच माहीत होते. बाहुला बोलतो म्हणजे कोण बोलवतो, हे दूरदर्शनवर अर्धवटरावाला पाहून घरोघरी पाठ झालेले. दिलीप प्रभावळकरांच्या सोंगाची, पाध्यांच्या हाताची आणि लक्ष्मीकांत बेर्डेच्या घाबरण्याची अशी तिहेरी बेरीज झाली आणि स्लॅशर विनोदी झाला. तरीही त्या पिढीतली कितीतरी मुले रात्री कपाटावरची बाहुली भिंतीकडे तोंड करून ठेवत. २०१३ साली दुसरा भाग थ्रीडी होऊन आला. मला तो पहिल्याइतका भिववू शकला नाही. तात्या अंगावर आला खरा, पण आपण घालायची अर्धी भीती आता चष्माच घालत होता.

माझी उपपत्ती एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. कॅरल क्लोव्हर यांनी अमेरिकी स्लॅशरमध्ये शेवटपर्यंत टिकून मारेकऱ्याला सामोरी जाणारी मुलगी शोधली आणि तिला सिद्धांतात जागा दिली. रामसेंच्या चित्रपटांत ती जवळजवळ नाही. सैतानाला त्रिशूळ, ओम, क्रूस किंवा मशाली घेतलेले गावकरी आवरतात. बाईच्या वाट्याला येते किंचाळणे आणि त्याआधीचे न्हाणीघर. बोहाड्यात त्राटिकेचे सोंगही पुरुषच नाचवतो. फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. तिथे सगळेच मुखवट्यामागे होते. स्वस्तातल्या भयपटाने राक्षसाला मुखवटा दिला आणि बाईला उघडे ठेवले, कारण 'ए' प्रमाणपत्राच्या पोस्टरवर तीच विकली जात होती. त्या दृश्यांना थिएटरात पडणाऱ्या शिट्ट्या पाड्यावरच्या हसण्यासारख्या नव्हत्या, आणि त्या आठवून सांगणाऱ्यांत बायका फारशा भेटत नाहीत. अपवाद 'वीराना'चा. तिथे जास्मिनच्या अंगात चेटकीण शिरते, रस्त्यावर भेटलेले पुरुष तिच्या सौंदर्यामागे जातात आणि शेवटी तिचा चेहरा फिरतो. पाहत बसलेल्या सगळ्या नजरांना त्या एका चित्रपटात तरी सोंगाचे तोंड दिसले.